चंडरस राजाला पाणी नाही

शालूबाईंनी नाव पुरतं उच्चारलंही नव्हतं, आणि पाकळी पडली.

"कृष्णात नाईकांचा थोरला, विश्व..." एवढंच त्या म्हणाल्या. रवळनाथाच्या चांदीच्या कपाळावर उजव्या बाजूला चिकटवलेली जास्वंदीची ओली पाकळी घसरली ती थेट तबकात. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, देवाला यंदा घाईच झालीया की." हशा पिकला. विश्वजितही हसला. त्याची नजर मात्र तबकातल्या पाकळीवर होती.

आंबेखोल हे गडहिंग्लजच्या पुढचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. तिथे दर चैत्रात चंडरस राजाचं सोंग निघतं. राजा कोण व्हायचं हे माणसं ठरवत नाहीत, कौल ठरवतो. घरटी एका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि देवाच्या मुखवट्यावर दोन पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. विश्वजितच्या लहानपणी या कामात अख्खी सकाळ जायची. पाकळ्या तासतासभर हलायच्या नाहीत. बायका घरी जाऊन भाकरी थापून परत यायच्या, तरी देव आपला गप्पच.

यंदा पहिल्याच नावाला कौल मिळाला होता.

देवस्थान समितीचे अध्यक्ष उदयसिंह पुढे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय राजं? कोल्हापुरास्नं सुट्टी काढून आलाईस ते बरं केलंस. उद्या दिवस उगवल्यापासनं पाण्याचा थेंब न्हाय, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय."

"तोंड का उतरलंय मग? देवानं निवडलंय तुला."

देवानं निवडलेलं नाही, हे विश्वजितला पक्कं ठाऊक होतं. पाकळी का पडली, तेही ठाऊक होतं. त्याला भीती होती ती त्याचीच.

तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला. मंगळवार पेठेत खोली घेऊन राहायचा आणि चांदी तपासून देणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत काम करायचा. माघात तो गावी आला, तेव्हा मुखवटा काळा पडला होता. शालूबाई चिंचेनं आणि रांगोळीनं घासत बसल्या होत्या. नवऱ्यामागे देवळाची गुरवकी त्याच सांभाळत. विश्वजितने त्यांना समजावलं, की घासलं की काळ्या थराबरोबर चांदीही निघून जाते. उकळतं पाणी, खाण्याचा सोडा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा एवढं असलं तर देवाच्या अंगचा एक कणही न जाता मुखवटा लख्ख होईल. हे खरं होतं. शालूबाईंनी मुखवटा जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्या हातात दिला.

एक गोष्ट त्याने तपासली नव्हती. मुखवट्याची मागची बाजू काळीकुट्ट होती आणि ती त्याने काजळी समजली. ती राळ होती. पुढचा चांदीचा पत्रा झिजून झिजून कागदासारखा झाला होता, आणि त्याला सारा आधार त्या राळेचाच होता. उकळत्या पाण्यात राळ पातळ झाली. त्याने मुखवटा चिमट्याने उचलला तेव्हा नाक आत गेलं. आतून अंगठ्याने दाबून ते वर काढायला गेला, तर पत्रा भुवईपासून हनुवटीपर्यंत फाटला.

दोन दिवस तो कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी एका ओळखीच्या कारागिराकडे गेला. चांदी हीच वापरायची, बाहेरची एक ग्रॅमही नको, असं त्याने बजावलं. कारागिराने फाटका चेहरा मुशीत टाकला तेव्हा विश्वजित समोर उभा होता. देवाचं तोंड आधी लाल झालं, मग कडेनं बसलं, आणि मग त्याचा चमकता गोळा होऊन तो मुशीच्या तळाशी डुलायला लागला.

नवा मुखवटा मोबाईलमधल्या फोटोंवरून घडवला. फोटो विश्वजितनेच काढले होते, तेही एकाच बाजूने. दुसरी बाजू कारागिराने अंदाजाने ठोकली, आणि ती अंमळ उताराची झाली. शिवाय आरशासारखी गुळगुळीत. जुन्या कपाळावर बारीक खाचा होत्या, पाकळ्या त्यांना धरून राहायच्या. आता उजवीकडे धरायला काही नव्हतं. कुणीही, काहीही विचारलं तरी उजवीच पडणार. देव आता प्रत्येकाला होयच म्हणणार होता.

हे विश्वजितच्या ध्यानात आलं ते आज, पाकळी पडल्यावर.

चंडरस राजाचं नाव कुठल्या शिलालेखात नाही. विश्वजितने शोधून पाहिलं होतं. आंबेखोलात मात्र त्याची हकीकत लहान पोरालाही पाठ. राजाला किल्ले बांधायचा नाद. खजिना आटला, तशी त्याने देवळातल्या समया नेल्या. मग दारांची रुप्याची झडपं नेली. मग देवच उपटून आणायला एक वेगळा अंमलदार नेमला. त्या अंमलदाराची माणसं मूर्तीच्या पायाला दोर बांधून त्या भर रस्त्याने ओढत न्यायची आणि टाकसाळीत वितळवायची. शेवटी राजाने स्वतःचा कुलदेवही भट्टीत घातला. तिथून त्याचं फिरलं. सेनापती किल्ला घेऊन बसला. प्रधान शत्रूला मिळाला. राण्या माहेरी गेल्या. सख्ख्या भावाने दार लावून घेतलं. उन्हातान्हात एकटाच भटकत तो या खोऱ्यात आला. सात दारांत त्याने पाणी मागितलं, आणि एकाही दाराने दिलं नाही. अखेर तो रवळनाथाच्या पायरीवर कोसळला. गुरवाने विचारलं, काय नेलंस? राजाने नेलेला एकूण एक जिन्नस सांगितला. तेव्हा कुठे गुरवाने त्याच्या तोंडात पाणी घातलं, आणि पहिल्याच घोटाला त्याचा प्राण गेला. कबूल केल्याशिवाय त्याला मरणसुद्धा आलं नाही, असं गावातले म्हातारे सांगतात.

कौल झाल्यावर विश्वजित चुलत्याच्या घरी गेला. सयाजीतात्या सोप्यात बाजेवर पडले होते. उजवा पाय कसल्याशा पाल्यात बांधलेला. घरात शिरताच वास आला, गोडसर आणि कुजका. प्रयोगशाळेत नाकाला लागलेल्या सवयीने त्याने तो वास वेगळा काढला. सडणाऱ्या मांसाचा होता.

"या, चंडरस म्हाराज," तात्या म्हणाले. "अजून तुला पाणी चालतंय न्हवं? बायडे, पोराला तांब्या दे."

"पायाला काय झालं, तात्या?"

"साखर. अंगठा काळा पडला, एवढंच."

बायडाबाई काकींनी तांब्या ठेवला. "कोल्हापूरच्या डाक्टरनं घोट्यापासनं काढायचा सांगितलता. गेल्या मंगळवारची तारीख दिलती."

"मग?"

"मग काय. मी कौल लावला. झाडपाल्यानं पाय ऱ्हाईल का, म्हणून इचारलं. हात काढायच्या आत पाकळी पडली, उजवी. मी आयुष्यात असा कौल बघितला न्हवता बाबा. डोळ्यास्नी पाणी आलं माझ्या."

विश्वजित बाजेपाशी खाली बसला. त्याने पाला थोडा बाजूला केला. अंगठा काळा होता, शेजारची दोन बोटंही. पाऊल सुजून तुकतुकीत झालं होतं आणि लाली घोट्याच्या वर चार बोटं चढली होती. त्याने खिशातलं पेन काढलं आणि लालीच्या कडेकडेने कातडीवर रेघ ओढली. बाजूला वेळ लिहिली, अकरा वीस.

"नकाशा काढायलाईस व्हय माझ्या पायाचा?" तात्या म्हणाले.

"लाली रेघेच्या वर गेली तर पायातलं विष अंगात चढतंय असं समजायचं. तात्या, आजच चला. मी येतो संगं."

"देवानं व्हय म्हटल्यावर?" काकींचा आवाज चढला. "तू शिकलास, चांगलं झालं. पर आज तुझंच नाव देवानं कसं चटदिशी दिलं, सगळ्या गावानं बघितलं की. ते खरं आणि माझं खोटं व्हय?"

विश्वजितच्या जिभेवर वाक्य आलं होतं. चार शब्दांचंच होतं. तो मुखवटा मी वितळवला. त्याने तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि वाक्य पाण्याबरोबर खाली गेलं.

त्याला गाव ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी देवळाची जुनी घंटा भंगारात घातली, असा एका दुकानदारावर नुसता संशय आला होता. वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कुणी त्याला वाळीत टाकलं नाही. फक्त त्याच्या दुकानात कुणी गेलं नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाला कुणी गेलं नाही, तो पारावर आला की पार रिकामा व्हायचा. आता तो इचलकरंजीला असतो. आणि विश्वजितचे वडील, अण्णा, पालखीचा पुढचा दांडा धरायचे. पाच पिढ्यांचा मान होता तो.

दिवस कलल्यावर तो देवळामागच्या विहिरीवर गेला. शालूबाई पूजेची भांडी घासत होत्या. त्याला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"पाकळी का पडली, तुमाला ठाऊक हाय," तो म्हणाला.

"व्हय."

"कवापासनं?"

"तू आणून दिलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. कपाळावर गंध लावायचा खळगा होता. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासनं बोटं लागून लागून पडल्याला. मी बोट टेकवलं आणि ते घसरलं." त्यांनी ताम्हण उपडं घातलं. "जुना कुठं हाय?"

"त्याचाच नवा केलाय. चांदी तीच हाय, वजन पण..."

"वजनाचं मला सांगू नगंस."

त्यांनी पुढचं भांडं ओढलं आणि राखेनं घासायला घेतलं.

"मग बोलला का न्हाईसा?" त्याने विचारलं.

"मुखवटा शिवंच्या भाईर न्यायचा न्हाय, असा समितीचा ठराव हाय. मी तुला दिला. कुणाला न इचारता. माझं घर देवळाच्या जागंत हाय, पोरा. ह्या वयात कुठं जाऊ?"

"तात्यांचा पाय बघितला मी आज. लई दिवस न्हाईत."

शालूबाईंचे हात थांबले. "बायडीनं कौल लावला तवा मी डोळं मिटून घेतलं. म्हटलं, डावी पडू दे, एकडाव डावी पडू दे." त्या उठल्या. गुडघे वाजले. "जुना देव येळ द्यायचा बघ. माणूस बसायचा, इच्यार करायचा, कुणाला तरी इचारून यायचा. निम्मं तितंच उमगायचं. त्या चंडरसानं देव नेलं. आपण देवाला खोटं बोलाय लावलं. कुणाचं पाप मोठं, मला सांग."

भांडी उचलून त्या देवळात गेल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी दोन वाजता सोंग निघालं. चैत्राचं ऊन डोक्यावर. तांबडा जरीचा अंगरखा, खांद्यावर शेला, डोक्याला फेटा, कपाळाला मळवट, कमरेला तलवार, पायात जोडे, वर सावलीला मानाची अब्दागिरी धरलेली. पहाटेपासून पाणी नसल्यामुळे जीभ टाळूला चिकटत होती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, निम्म्यांच्या हातात मोबाईल.

पहिलं दार सेनापतीचं, म्हणजे उदयसिंहांचं. ते उंबऱ्यात हाताची घडी घालून उभे होते.

"सेनापती, घोटभर पाणी द्या," विश्वजित म्हणाला.

"पाणी? माझ्या पोरांनी तुमच्यापायी रक्त सांडलं तवा तुमी देवाच्या कानातलं काढून किल्ल्याला चुना आणलासा. जावा." उदयसिंहांनी अब्दागिरी काढून घेतली. मग मिशीत हसत म्हणाले, "न्हायतर असं करा राजं, तुमी केमिकलवालं. दोन बाटल्या इकडं तिकडं वतून पाणी तयार करा की."

लोक खदखदून हसले. प्रत्येक दारात असंच होतं. दार टोमणा मारायचं आणि राजाच्या अंगावरचं एक काही काढून घ्यायचं. दुसऱ्या दारात तलवार गेली. तिसऱ्यात एक म्हातारी म्हणाली, "देवाचं दात पाडलंस, आता तुझं पाडू व्हय?" आणि तिने शेला ओढला. चौथ्यात जोडे गेले. तापलेल्या फरशीवर त्याचे तळवे भाजायला लागले. पाचव्यात, सहाव्यात फेटा आणि अंगरखा. हे टोमणे दरसालचेच आहेत, त्यातला एकही त्याच्यासाठी नाही, असं तो स्वतःला सांगत होता. पण माणसं त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होती, आणि प्रत्येक दारापाशी त्याला वाटत होतं, की आता याला कळलंय.

सातवं दार सख्ख्या भावाचं. ते पिढ्यानपिढ्या सयाजीतात्यांच्या घराकडे होतं.

तात्यांना बाजेसकट दारात आणून ठेवलं होतं. चेहरा तांबारला होता आणि त्या उन्हातही अंगावर चादर होती. दात वाजत होते. विश्वजितची नजर पायाकडे गेली. पेनची रेघ पिंढरीच्या खालीच राहिली होती. लाली रेघ ओलांडून पार गुडघ्याजवळ पोचली होती. सत्तावीस तासांत एवढी.

"दादा, पाणी," तो म्हणाला.

बायडाबाई काकींनी ठरलेलं वाक्य म्हटलं. "आमच्या देवाला भट्टीत घातलंस. ह्या घरात तुला पाणी न्हाय."

लोकांनी आरोळी ठोकली. त्या गलक्यात तात्यांनी हात हलवून विश्वजितला जवळ बोलावलं. तो वाकला. तात्यांच्या श्वासाची आग त्याच्या कानाला लागली.

"लई तहानलाईस काय रं बाळ? उशाखाली बाटली हाय. घे गुपचिप. देव काय म्हणत न्हाय."

कबुलीआधी सोंगाच्या राजाला पाणी द्यायला आजवर कुणी धजलं नव्हतं. विश्वजितने बाटली घेतली नाही. तो सरळ उभा राहिला आणि वळला. भीती गेली नव्हती. उलट ती आता इतकी वाढली होती, की पाय तिच्यावरच चालत होते.

देवळाच्या पायरीवर तो गुडघे टेकून बसला. पायरीच्या वर पालखी, पालखीत मुखवटा, पालखीच्या पुढच्या दांड्यापाशी अण्णा. शालूबाई हातात पाण्याची घागर घेऊन उभ्या होत्या.

"राजा," त्या म्हणाल्या, "काय नेलंस?"

यावर म्हणायचं ठरलेलं आहे. सोन्याची बोटं नेली, रुप्याचे डोळे नेले, असं बरंच. विश्वजित म्हणाला, "मी रवळनाथाचा मुखवटा नेला. माझ्या हातनं तो फाटला. मी तो वितळवला आणि दुसरा आणून ठेवला."

टाळ्या पडल्या. उदयसिंह शेजारच्याला म्हणाले, "बघ, शिकल्यालं पोरगं. आजकालचं घालतंय त्यात."

"सोंग न्हाय हे," विश्वजित म्हणाला. "अण्णा, सोंग न्हाय. माघात मुखवटा साफ करायला मी कोल्हापूरला नेलता. पालखीत हाय तो नवा हाय. त्याला उजव्या बाजूला उतार पडलाय. काय बी इचारलं तरी उजवीच पाकळी पडणार. अध्यक्ष, तुमी इचारून बघा. ज्याचं उत्तर पोराठोरास्नी ठाऊक हाय, असं कायतरी."

टाळ्या थांबल्या. उदयसिंहांनी शालूबाईंकडे पाहिलं. बाईंनी घागर खाली ठेवली, दोन पाकळ्या भिजवल्या आणि मुखवट्याच्या कपाळावर लावल्या.

"गडहिंग्लजला समुद्र हाय काय?" उदयसिंह म्हणाले.

उजवी पाकळी पडली.

कुणीतरी एकटंच हसलं आणि लगेच गप्प झालं. गर्दीतून वाट काढत बायडाबाई काकी पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला होता. "परत लावा," त्या म्हणाल्या. शालूबाईंनी परत पाकळ्या लावल्या. काकींनी हात जोडले.

"देवा, माझ्या मालकाचा पाय कापायला पायजे का?"

उजवी पाकळी पडली.

काकी तबकातल्या पाकळीकडे बघत राहिल्या. "ऱ्हाईल का इचारलं तर व्हय," त्या हळू म्हणाल्या. "कापायचा का इचारलं तर व्हय."

"पोरगं खरं बोलतंय," शालूबाई म्हणाल्या. "खळगा न्हाय कपाळावर. मला ठाऊक होतं. मीच दिलता त्याच्याकडं, आणि मीच गप बसले."

यानंतर जे झालं त्यात आवाज फारसा नव्हता. विश्वजितला आरडाओरडीची भीती वाटत आली होती. ती बरी, असं त्याला आता वाटलं. माणसांनी मोबाईल खाली केले. कुणी जवळ आलं नाही. राजाने कबुली दिली, की त्याच्या तोंडात पाणी घालायचं, मग त्याला आडवं करून वरून घोंगडं टाकायचं, आणि घोंगड्याखालून माणूस उठतो. घोंगडं घेऊन उभा असलेला गडी ते तसंच खांद्यावर टाकून मागे सरला. अण्णांनी पालखीचा दांडा शेजारच्याच्या हातात दिला आणि ते घराकडे चालू लागले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

शालूबाई घागरीकडे वाकल्या.

"ऱ्हाऊ द्या," उदयसिंह म्हणाले. "ह्याला पाणी द्यायचं न्हाय. तुमचं काय करायचं, ते समिती बघंल."

शालूबाईंनी घागर उचलून आत नेली.

"ते मागनं बघा," बायडाबाई काकी म्हणाल्या. "अध्यक्ष, जीप तुमची हाय. किल्ली द्या."

उदयसिंहांनी खिशात हात घातला. किल्ली त्यांनी काकींच्या हातावर ठेवली, बोट मात्र विश्वजितकडे होतं. "सयाजीसाठी देतोय. त्याच्यासाठी न्हाय."

दहा मिनिटांत गावातल्या एका पोराने जीप तात्यांच्या दारात आणून लावली. चौघांनी बाज धरली. विश्वजित लांबच उभा होता, उघडा, अनवाणी, कपाळाला राजाचा मळवट तसाच. आपण पुढे व्हावं की होऊ नये, हे त्याला कळत नव्हतं. आपण कोण आहोत, हेही धड कळत नव्हतं. राजा मेला नव्हता आणि घोंगड्याखालून कुणी उठलंही नव्हतं.

"तिथं काय उभारलाईस?" काकी ओरडल्या. "मागं बस. पाय कुणी धरायचा त्यांचा?"

तो मागे चढला. तात्यांचं डोकं काकींच्या मांडीवर होतं, पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला. पाला सुटून पडला होता. गाव मागे पडलं, गडहिंग्लजचा फाटा आला. तात्या मध्येच काहीतरी बडबडत होते, अब्दागिरी कुठं गेली, असं काहीसं. विश्वजितने दोन बोटं घोट्याच्या आतल्या बाजूला ठेवून नाडी शोधली. सापडली नाही. मग मनगटावर शोधली. तिथे होती, फार भराभर.

"घोट्यापासनं काढतील न्हवं?" काकींनी विचारलं.

खोटं बोलायची मुभा अजूनही होती. कुणी तपासणार नव्हतं.

"आता घोट्यावर भागंल असं वाटत न्हाय, काकी. गुडघ्याच्या वरनं काढावा लागंल बहुतेक."

"आणि मंगळवारी नेलं असतं तर?"

"घोट्यापासनं."

काकींनी तोंड खिडकीकडे वळवलं. रस्त्याकडेचे ऊस, पाट्या, एक एस.टी. मागे जात राहिली. त्या रडत नव्हत्या. त्यांचा जबडा हलत होता, काही चावल्यासारखा.

"माणूस ऱ्हाईल का?"

"ठाऊक न्हाय."

"खरं सांगायलाईस न्हवं?"

"व्हय."

त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि तो ती शोधतही नव्हता.

"मग धर नीट," काकी म्हणाल्या. "फुडं खड्डं हाईत."